वेदर रिपोर्टचा '८:३०': चौथी बाजू नसती तर बरं झालं असतं का?

काळी पाच:
काल रात्री वेदर रिपोर्ट या अमेरिकी जाझ फ्यूजन (जाझ आणि रॉकची सरमिसळ) बँडचा '८:३०' पुन्हा पहिल्यापासून ऐकला आणि दर वेळी जिथे चिडतो तिथेच चिडलो. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: १९७९चा दुहेरी अल्बम, म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू. तीन बाजू १९७८च्या दौऱ्यात प्रेक्षकांसमोर वाजवलेल्या, बराचसा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. चौथी बाजू स्टुडिओतली. नाव मैफल सुरू व्हायच्या वेळेवरून. कीबोर्डवर जो झाविनुल, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, बेसवर जेको पास्टोरियस आणि ड्रम्सवर नुकताच आलेला, चोविशीतला पीटर अर्स्किन. वेगळा तालवाद्यवाला नाही, चौघंच.

तक्रार चौथ्या बाजूची आहे. तिसऱ्या बाजूच्या शेवटी 'बाडिया'तून 'बूगी वूगी वॉल्ट्झ' उसळतं. चौघं एकाच लयीवर स्वार, लोक बेभान. आता उठायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. तर तबकडी उलटायची आणि समोर काय? बंद खोली. लोक गायब. भैरवी झाल्यावर कुणी पुन्हा तंबोरे जुळवायला बसावं तसं वाटतं. वाजवलंय वाईट असं म्हणत नाही. पण लाइव्ह अल्बम म्हणायचं आणि पाव हिस्सा स्टुडिओचा द्यायचा, याला माझ्या लेखी फसवणूक म्हणतात.

तिरकीट:
असहमत. फसवणूक कसली? वेदर रिपोर्टनं हा खेळ आधीही केलाय. १९७२च्या 'आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक' या अल्बमची एक बाजू स्टुडिओत आणि दुसरी टोकियोच्या मैफलीतली, तीही कापून-जोडून. झाविनुलला 'घडलं तसं' यापेक्षा 'ऐकायला कसं लागतं' याची जास्त पर्वा होती.

आणि लाइव्ह म्हणजे आपोआप सरस, हे तुम्ही धरूनच चाललात. झाविनुलची 'बर्डलँड' ही धून घ्या. १९७७च्या 'हेवी वेदर' या स्टुडिओ अल्बमवर त्यानं रेकॉर्डिंगचे एकावर एक थर चढवत अख्खा बिग बँड, म्हणजे मोठा जाझ वाद्यवृंद, उभा केलाय. मंचावर त्याला दोनच हात. इथलं 'बर्डलँड' सात मिनिटांच्या वर जातं, पण तो भरगच्चपणा येत नाही. टाळ्यांनी कान फसतो, एवढंच.

शेवटची रांग:
तिरकीट, 'बर्डलँड' तुम्हाला बहाल. सिनेमाच्या पोस्टरसारखं झालंय ते, कुठेही लावा. पण पहिल्या बाजूच्या सुरुवातीच्या 'ब्लॅक मार्केट'च्या मधोमध काय होतं ते ऐका. बाकीचे दोघं गप्प होतात आणि शॉर्टर-अर्स्किन, सॅक्स आणि ड्रम्स, एवढेच उरतात. खाली बेस नाही, कुठलाही स्वरांचा गालिचा नाही. शॉर्टर तुकडा टाकतो, अर्स्किन तो उचलतो, अर्धा परत देतो आणि अर्धा स्वतःकडे ठेवतो. ती सावधगिरी आणि ती मस्ती थर चढवून येत नाही.

किंवा 'स्लँग' घ्या. जेको एकटा. एक छोटी फ्रेज वाजवून ती डिले यंत्रात (वाजवलेलं परत परत ऐकवणाऱ्या) पकडतो, ती फिरत राहते आणि तिच्यावर तो स्वतःशीच जुगलबंदी करतो. मध्येच रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची 'थर्ड स्टोन फ्रॉम द सन' डोकावून जाते. आज लूप पेडल पोराटोरांकडे असतो, त्यामुळे गंमत कळायला जरा मागे जावं लागतं. स्टुडिओत तेच केलं असतं तर दोन ट्रॅक लावले म्हणून कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

(अवांतर: 'ब्लॅक मार्केट'ची धून झाविनुल उलटवलेल्या कीबोर्डवर वाजवायचा. डावीकडे तार, उजवीकडे मंद्र. बोटांची सवय मोडण्यासाठी माणूस कुठल्या थराला जाईल!)

तिरकीट:
'स्लँग' मान्य. पण 'टीन टाउन'? 'हेवी वेदर'वर जेकोनं बेसही वाजवला आणि ड्रम्सही. एकाच डोक्यातून निघालेली लय आहे ती, जराशी ओबडधोबड, म्हणून चावते. अर्स्किन तिच्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे आणि नेमकं तेच मला नको असतं.

जुनी तबकडी:
इतिहास विसरू नका, मंडळी. याच्या आदल्या वर्षीच्या 'मिस्टर गॉन'ला 'डाउनबीट' या जाझच्या मासिकानं पाचपैकी एकच तारा दिला होता. तो स्टुडिओत घोटून घोटून केलेला अल्बम. अशा वेळी लोकांसमोर चौघांनी वाजवलेलं बाहेर आणणं हे उत्तरच होतं, आणि जाझ फ्यूजनचं ग्रॅमी मिळालं ते '८:३०'लाच. म्हणून मला पहिल्या तीन बाजू जास्त मोलाच्या वाटतात.

खरा अन्याय वेगळाच झाला. सीडी आली तेव्हा एका चकतीत बसवण्यासाठी 'स्कार्लेट वुमन' काढून टाकलं होतं, ते पुढच्या आवृत्त्यांमध्ये परत आलं. कात्री चालली ती लाइव्ह भागावर आणि चौथी बाजू शाबूत! काळी पाच यांच्या रागाला इथे माझा पूर्ण पाठिंबा.

शेवटची रांग:
शॉर्टरच्या 'थँक्स फॉर द मेमरी'बद्दल कुणीच बोलेना. 'बर्डलँड'च्या गोंगाटानंतर एकटा टेनर सॅक्स, साथीला कुणीही नाही. इतक्या मोठ्या आवाजाच्या बँडनं एवढी मोकळी जागा सोडायची, याला छाती लागते.

तिरकीट:
याला मात्र हरकत नाही. पण 'साइटसीइंग'ही ऐका की. चौथ्या बाजूचा शेवटचा तुकडा. चौघंच, सरळ धावता स्विंग, जेकोचा बेस पायाखालची जमीन पळवत नेतो. यांना जाझ येत नाही म्हणणाऱ्यांचं तोंड तिथे बंद होतं. टाळ्या नाहीत म्हणून तो जिवंत नाही काय?

काळी पाच, एक प्रयोग करा. चौथी बाजू आधी लावा, मग पहिली, दुसरी, तिसरी.

काळी पाच:
केला प्रयोग. चौथ्या बाजूवरच्या '८:३०' या शीर्षकाच्या तुकड्यात जेको ड्रम्सवर बसलाय, तो आधी ऐकला की तालमीच्या खोलीत डोकावल्यासारखं वाटतं. 'साइटसीइंग'चा दम संपतो न संपतो तोच 'ब्लॅक मार्केट' सुरू. हा जोड अल्बमवाल्यांना का सुचला नाही कोण जाणे. शिवाय तिसऱ्या बाजूनंतर काही उरत नाही, म्हणजे मला हवं तेच झालं.

फसवणूक हा शब्द मागे घेतो. क्रम चुकला, एवढंच म्हणतो. आणि त्याच बाजूवरच्या 'द ऑर्फन'मधली ती लहान मुलांची गाणारी फौज आली की सुई उचलून पुढे ठेवतो, त्याबद्दल माफी नाही.