ढाक्याचा फोटो राहिलाच की!

इतिहासातल्या गाजलेल्या फोटोंच्या यादीत व्हिएतनाम, तिआनानमेन सगळं आलं, पण १६ डिसेंबर १९७१? ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करतायत, शेजारी भारताचे जनरल अरोरा. बहुतेकांची नजर तिथेच थांबते. आमच्या मालवणात मात्र बोट जातं मागे उभ्या पांढऱ्या गणवेशावर, व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांच्यावर. घरटी कोणीतरी नेव्हीत, दुसरं काय! (आमच्या पडवीतल्या फ्रेमला खाऱ्या हवेने बुरशी धरलीय, नियाझींच्या बाजूनेच.) पण गंमत सोडा. विक्रांत या विमानवाहू नौकेसह आपल्या नौदलाने बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली, म्हणून नियाझींची समुद्रातून निसटायची वाट बंद झाली. कॅप्शनमध्ये हे कोणी लिहीत नाही. डिसेंबर २०२४मध्ये याच प्रसंगाचं चित्र लष्करप्रमुखांच्या दालनातून माणेकशॉ सेंटरला हलवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला!