एवढी चित्रं दिसली कशी नाहीत?
वर कुणीतरी विचारलंय की चर्चमधली एवढी मोठी चित्रं तीनशे वर्षं कुणाला दिसलीच कशी नाहीत, तर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलचं बघा ना. रॉड्रिगो बोर्जाने (हो तोच, पुढे पोप झालेला) १४७२ मध्ये इटलीहून चित्रकार आणले, छतावर वाद्यं वाजवणारे देवदूत काढून घेतले, आणि मग सतराव्या शतकात बरोकची (भरगच्च नक्षीकामाच्या शैलीची) फॅशन आली तसं त्याखाली चक्क दुसरं छत बांधलं! २००४ मध्ये डागडुजी करताना भोकातून कॅमेरा आत घातला तर निळ्याशार आभाळात सोनेरी पंखवाले देवदूत, आणि मधल्या पोकळीत कबुतरांचा संसार. मला तर वाटतं पोकळी होती म्हणूनच देवदूत वाचले, थेट चुना फासला असता तर खरवडताना अर्धे गेले असते. ते दुसरं छत नंतर काढलं, खालच्या भिंतींवरचं बरोक काम मात्र ठेवलंय.