शब्दचर्चा: ‘सरासरी वेग’ मधली सरासरी नेमकी कसली?

शंका शब्दाची आहे पण गणित सोडून मांडता येत नाहीये, म्हणून दोन्ही एकत्रच टाकते. नेहमीचं उदाहरण: एक गाडी निम्मं अंतर ताशी ४० किमीने जाते आणि उरलेलं निम्मं ताशी ६० ने, तर तिचा सरासरी वेग किती? पोरं लगेच ५० म्हणून मोकळी होतात. उत्तर ४८ आहे. आता रोजच्या बोलण्यात सरासरी म्हणजे सगळे आकडे मिळवा आणि जितके आकडे तितक्याने भागा, नाहीतर मग नुसतं ‘अंदाजे’ (सरासरी दोनशे माणसं होती, वगैरे). मग इथे पोरांचा दोष की शब्दाचा? आणि दुसरं म्हणजे इथे ‘वेग’ बरोबर आहे का, की ‘चाल’ हवं?



दुसरं आधी उरकतो. रस्ता सरळ आहे आणि गाडी वळली नाही असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून ‘सरासरी चाल’च पाहिजे. एकूण कापलेलं अंतर भागिले एकूण वेळ म्हणजे सरासरी चाल, आणि विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) भागिले एकूण वेळ म्हणजे सरासरी वेग. चाल अदिश (नुसता आकडा), वेग सदिश (आकडा आणि दिशा), हे सगळ्यांना पाठ असतं पण आकडे घातल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. चीनचा जलतरणपटू पान झानले याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली, वर्ल्ड रेकॉर्ड. तलाव ५० मीटरचा, म्हणजे जाऊन परत यायचं, म्हणजे जिथून सूर मारला त्याच भिंतीला हात लावायचा. चाल सेकंदाला साधारण २.१६ मीटर. सरासरी वेग? शून्य! वर्ल्ड रेकॉर्ड करणारा माणूस आणि सरासरी वेग शून्य. सरासरी वेगाला फक्त दोन फोटो लागतात, सुरुवातीचा आणि शेवटचा, मधे तुम्ही काय धिंगाणा घातला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.



ते सगळं ठीक, पण ‘चाल’ बोलतं कोण हो? गाण्याला चाल लावतात, बुद्धिबळात चाल खेळतात, शत्रूवर चाल करून जातात, पण ‘गाडीची चाल किती आहे’ असं विचारलं तर समोरचा तोंडाकडे बघत बसेल. लोकांच्या तोंडी वेगच आहे. वेगमर्यादा म्हणतो आपण, ती खरं तर चालीची मर्यादा, कारण पूर्वेला जाताय की पश्चिमेला याच्याशी तिला काय करायचंय. स्पीडोमीटरला वेगमापी म्हणतात आणि तो दाखवतो चाल. म्हणजे शास्त्राने बोलीतला शब्द उचलला, त्याला दिशा चिकटवली, आणि बोलीत तो आहे तसाच राहिला. पोरांनी गोंधळ केला तर नवल काय.

‘गती’ वापरा असं कोणीतरी सुचवायच्या आत सांगते, नको. न्यूटनचे गतीविषयक नियम आहेत, तिथे गती म्हणजे हालचाल. शिवाय ‘त्याला गणितात गती आहे’ आणि ‘शेवटी ही गती झाली’ हे दोन अर्थ आधीच तिच्या डोक्यावर बसलेत.

अवांतर: आयुर्वेदात मलमूत्राच्या, शिंकेच्या आवेगालाही वेग म्हणतात. त्याला मात्र दिशा नक्की असते :)



वरच्याला +१, अवांतरालाही.

आता सरासरीबद्दल. माझ्या मते शब्द अगदी निर्दोष आहे, फक्त आपण चुकीच्या गोष्टींची सरासरी काढतो. एकूण अंतर २४० किमी धरा. पहिले १२० किमी ४० ने, लागले ३ तास. पुढचे १२० किमी ६० ने, लागले २ तास. आता तासागणिक आकडे लिहून काढा: ४०, ४०, ४०, ६०, ६०. बेरीज २४०, भागिले पाच, ४८. झाली की नाही तीच शाळेतली सरासरी? गाडी हळू चाललेली असताना जास्त वेळ रस्त्यावर होती म्हणून ४० ला जास्त मतं मिळाली, इतकंच. निम्मं अंतर ऐवजी निम्मा वेळ म्हटलं असतं तर ५० च उत्तर आलं असतं. प्रश्नातला हा एक शब्द पोरांना अधोरेखित करायला लावावा, सूत्र नंतर. (समान अंतरांसाठी जे निघतं त्याला हरात्मक मध्य म्हणतात, पण ते नाव आधीच सांगितलं तर पोरं सूत्र पाठ करतात आणि वेळेचा विचार सोडून देतात.)

खात्री पटवायची असेल तर उलटा प्रश्न घाला. निम्मं अंतर ४० ने गेलो, आता पूर्ण प्रवासाची सरासरी ८० यायला उरलेलं किती ने जावं? सगळे १२० म्हणतात. पण २४० किमी ८० ने जायला वेळच मुळात ३ तास, आणि ते तीनही तास पहिल्या निम्म्यातच संपलेत. विमान आणलंत तरी जमणार नाही.



पण मग पहिला आणि शेवटचा वेग मिळवून दोनने भागायचं सूत्र पुस्तकात असतं त्याचं काय?



ते फक्त त्वरण (वेग बदलण्याचा दर) एकसमान असेल तेव्हा. तिथे वेग वेळेबरोबर सारख्याच प्रमाणात वाढतो म्हणून मधला आकडा हीच सरासरी. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या लोकांनी हे मांडलं होतं, गॅलिलिओच्या बरंच आधी. इतर ठिकाणी वापरलं की फसलंच. बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले, सरासरी निघते सेकंदाला १०.४४ मीटर. सुरुवात शून्यापासून, जास्तीत जास्त १२.४ च्या आसपास, या दोघांचा मध्य ६.२. कुठे ६.२ आणि कुठे १०.४४! कारण तो पहिल्या काही सेकंदांतच बराचसा वेग पकडतो आणि उरलेला वेळ वरच्या आकड्यांच्या आसपासच असतो, त्वरण एकसमान नाहीच.



सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, सरासरी वेगाची दिशा काढून टाकली तर उरते ती सरासरी चाल, असं म्हटलं तर चालेल ना?



नाही चालणार. एखाद्या क्षणाच्या वेगाबद्दल ते खरं आहे, सरासरीबद्दल नाही. स्थान = टी वर्ग वजा ४ टी (मीटरमध्ये, टी सेकंदात) घ्या आणि पहिले ३ सेकंद बघा. वस्तू शून्यापासून उणे ४ पर्यंत मागे जाते आणि उणे ३ पर्यंत परत येते. विस्थापन उणे ३, सरासरी वेग उणे १ मी/से. अंतर ४ अधिक १ म्हणजे ५, सरासरी चाल १.६७ मी/से. दिशा काढून टाकलीत तरी १ चे १.६७ होत नाहीत. वस्तू न वळता एकाच दिशेने सरळ गेली तरच दोन्ही आकडे जुळतात, नाहीतर चालच मोठी.