मदत हवी आहे: क्रूझ रविवारी स्टॉर्नोवेला थांबतेय आणि तिथे म्हणे सगळं बंद असतं

मुग्धा_प
नमस्कार मंडळी. ब्रिटिश बेटांच्या क्रूझमध्ये आमचा स्टॉर्नोवेचा (स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं बंदर) थांबा नेमका रविवारी आलाय. सकाळी ८ ला पोचणार, ५ ला निघणार. जे उघडून बघावं तिथे 'रविवारी बंद'. म्युझियम बंद, दुकानं बंद, बस नाही. जहाजाच्या सहली फार महाग वाटतायत आणि त्यांचं बुकिंग लवकरच बंद होतंय. कोणी गेलंय का? नऊ तास काय करायचं तिथे? कृपया लवकर सांगा.

दर्यावर्दी_७१
जहाज धक्क्याला लागणार आहे की टेंडर बोटीने उतरवणार? आधी ते बघा. आम्ही गेलो तेव्हा मोठी जहाजं खाडीत नांगर टाकायची आणि छोट्या बोटींनी नेत. त्यात तासदीड तास सहज जायचा. जहाजाचं नाव, महिना, किती जण, काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

पक्या_सातारकर
सोप्पं आहे, गाडी भाड्याने घ्या. आपलं भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये पाहुण्यांना १२ महिने चालतं, स्टिअरिंगही उजवीकडेच. आम्ही स्काय बेट असंच फिरलो. हवं तिथे थांबा, हवं तिथे चहा प्या. सहलीच्या निम्म्या पैशांत काम होतं.

वैदेही_इन्व्हर्नेस
पक्यादादा, स्काय वेगळं आणि लुईस वेगळं. स्कायला पूल आहे, रविवारीही पर्यटक असतात. लुईसवर गाड्या भाड्याने देणारे बहुतेक रविवारी काम करत नाहीत. शनिवारी घेऊन ठेवता येते, पण मुग्धाताई शनिवारी समुद्रात असणार.

मुग्धाताई, मी इन्व्हर्नेसला राहते, इथल्या किनाऱ्यावरच्या अलापूल बंदरातून फेरीने पावणेतीन तासांत पलीकडे पोचतो, त्यामुळे जाणं होतं. दर्यावर्दीकाकांना सांगते, २०२४ मध्ये तिथे खोल पाण्याचा नवा धक्का सुरू झालाय, मोठी जहाजंसुद्धा थेट लागतात. तो गावाबाहेर आहे, तिथून शटल बसने गावात सोडतात. शटल रविवारी किती वेळाने आहे ते जहाजावर विचारा, कारण गावातली साधी बससेवा रविवारी नसतेच.

बंद का असतं हे माहीत असलेलं बरं. लुईसवर चर्चचा, त्यातही फ्री चर्च या कडक प्रॉटेस्टंट पंथाचा, मोठा प्रभाव आहे आणि रविवार हा प्रार्थनेचा, विश्रांतीचा दिवस म्हणून पाळतात. बरीच घरं त्या दिवशी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. रविवारची विमानं २००२ मध्ये आणि रविवारची फेरी २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हाही मोठा वाद झाला. टेस्को सुपरमार्केट २०२४ च्या नोव्हेंबरपासून रविवारी उघडायला लागलं, त्यालाही विरोध झाला होता.

आता तुम्ही किती जण आहात, चालणारे कोण, हे सांगा. म्हणजे नीट सांगता येईल.

सह्यकडा
पण हे पटत नाही मला. तुम्ही क्रूझ जहाजं बोलावता, त्यासाठी धक्का बांधता, आणि मग आलेल्या पाहुण्याला साधं स्वच्छतागृह मिळायची मारामार. तुमचा धर्म तुमच्या घरात. हजार दोन हजार माणसं उतरणार असतील तर किमान सोय हवी.

वैदेही_इन्व्हर्नेस
सह्यकडा, धक्का बांधणारे वेगळे आणि रविवार पाळणारे वेगळे. गावातच यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना मी भेटले आहे. पण आठवड्यात एक दिवस कोणालाही कामावर बोलावलं जाऊ नये असं म्हणणारी म्हातारी माणसं मला हट्टी वाटली नाहीत. दुकानात उभं राहणाऱ्या पोरीबाळींनाही घरी बसता येतं ना त्यामुळे.

नाना_कर्वेनगर
स्टॉर्नोवेचा आणि मुंबईचा संबंध बऱ्याच जणांना ठाऊक नसतो म्हणून लिहितो. बंदरासमोर जो लूज कॅसल दिसतो तो जेम्स मॅथेसनने बांधला. हा जार्डिन मॅथेसन कंपनीतला मॅथेसन. चीनला अफू विकून मिळालेल्या पैशातून त्याने १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं. आणि त्या अफूतली बरीचशी माळव्यातली, मुंबई बंदरातून जाणारी. मुंबईतले त्यांचे मोठे भागीदार व्यापारी म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आहे. मॅथेसनचा भागीदार जार्डिन आणि जमशेटजी यांची गाठ पडली तीच १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' जहाजावर, जे फ्रेंचांनी पकडलं होतं. जार्डिन तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता.

पुढे १९१८ मध्ये बेट लॉर्ड लिव्हरह्यूमने घेतलं. आपल्या घरोघरी आलेला सनलाइट साबण याच माणसाच्या कंपनीचा. बेटावर मासेमारीचा मोठा उद्योग उभारायची त्याची योजना फसली आणि १९२३ मध्ये त्याने स्टॉर्नोवे परगणा तिथल्या लोकांच्या ट्रस्टला देऊन टाकला. शिवाय भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कर्नल कॉलिन मॅकेन्झी, अमरावतीच्या स्तूपाची चित्रं करवून घेणारा, तोही स्टॉर्नोवेचाच. मुग्धा, एवढं वाचून गेलीस तर बंद दारांपुढेही बघण्यासारखं खूप आहे.

मुग्धा_प
नाना, माहिती खरंच छान आहे, सासऱ्यांना वाचून दाखवली. पण मला बुकिंगचं ठरवायचं आहे हो!
आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पंधरा-वीस मिनिटं चालतात आणि मग बसावं लागतं. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सासरे गिरणीत विव्हिंग खात्यात होते, त्यांना हॅरिस ट्वीड (तिथलं हातमागाचं लोकरी कापड) विणताना बघायचंच आहे. महिना ऑगस्ट. जहाज धक्क्याला लागणार आहे, आत्ताच विचारलं. नवरा गाडी चालवतो, पण अनोळखी ठिकाणी जहाज चुकायची त्याला भीती वाटते.

गोट्या_शारजा
मग उतरूच नका. आम्ही अशा दिवशी जहाजावरच थांबतो. सगळे उतरल्यावर पोहण्याचा तलाव रिकामा, जेवायला रांग नाही, स्पा स्वस्त. सासूबाईंनाही आराम.

पक्या_सातारकर
एवढ्या लांब जाऊन जहाजावर बसायचं? मग लोणावळ्याचं रिसॉर्ट काय वाईट? विमानतळावर तरी गाडी मिळते का बघा, माझं अजूनही तेच मत.

वैदेही_इन्व्हर्नेस
पाच जणांत सासूबाई आणि लहान मुलगी, त्यात एकेरी रस्ते. समोरून गाडी आली की मागे जाऊन रुंद जागेत थांबायचं, मेंढ्या मध्येच बसलेल्या. वेळेला बांधलेल्या माणसाने हे नको. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या भाड्याच्या गाडीसाठी थांबत नाही. महाग आहे ते त्यासाठी.

आता काय बघायचं ते. कालानिशचे उभे दगड, ही एक गोष्ट रविवारने बंद होत नाही. उघड्या माळावर आहेत. गावापासून साधारण २५ किलोमीटर, अर्धा तास. मध्ये तेरा दगडांचं वर्तुळ, त्याच्या आत जवळजवळ पाच मीटर उंचीचा एक दगड, आणि चारी दिशांना रांगा गेलेल्या. उभे करून सुमारे पाच हजार वर्षं झाली. आणि दगड ज्या खडकाचे आहेत तो लुईसियन नाईस तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. मुलीला हात लावून बघू द्या, त्यातले पांढरे-काळे पट्टे स्पष्ट दिसतात. तिथलं केंद्र रविवारी बंद असतं, म्हणून स्वच्छतागृहाला जहाजावरूनच जाऊन निघा. गाडी थांबते तिथून थोडा चढ आहे, सासूबाईंना हळूहळू जमेल.

कालानिश असलेली अर्ध्या दिवसाची सहल घ्या. त्यात कार्लोवेचा ब्रॉख, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा गोल दगडी बुरूज, असेल तर उत्तम. आर्नोलचं गवती छपराचं ब्लॅकहाऊस रविवारी बंद असतं, तेव्हा सहलीच्या कागदावर त्याचं नाव असेल तर आत नेणार की बाहेरून दाखवणार ते लेखी विचारा.

ट्वीडचं मात्र अवघड आहे. कायद्यानेच (१९९३ चा) हॅरिस ट्वीड बेटवासीयांनी आपापल्या घरी विणलेलं असावं लागतं, आणि रविवारी घरातला माग चालत नाही. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

मुग्धा_प
अरेरे. तोच तर मुख्य हेतू होता त्यांचा. विणकराला आधी ईमेल करून विनंती केली तर? पाच मिनिटं माग दाखवायला काय हरकत असेल?

वैदेही_इन्व्हर्नेस
नका करू. नाही म्हणताना त्यांनाच वाईट वाटेल. क्रूझचा पुढचा थांबा कुठला आहे? मेनलँडवर किंवा स्कायला असेल तर तिथे मागाची प्रात्यक्षिकं शोधता येतील.

शुभदा_औंध
खाण्याचं लिहिते. स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग प्रसिद्ध आहे, २०१३ मध्ये त्याला भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. नाव गोड वाटलं तरी ते रक्त आणि ओटमीलचं असतं, सासूबाईंना आधीच सांगा. रविवारी काही हॉटेलांत दुपारचं जेवण मिळतं, पण टेबल आधी राखावं लागतं. सासूबाईंसाठी सीलबंद खाकरे, चिक्की न्या. जहाजावरची फळं, सँडविच बाहेर नेऊ देत नाहीत बऱ्याचदा. आणि ऑगस्टमध्ये मिज नावाची बारीक चिलटं चावतात, वारा पडला की जास्त. ओडोमॉस असेल तर असू द्या.

नाना_कर्वेनगर
मुग्धा, दुपारी गावात आलात की कॅसलच्या आवारातून फिरा. इमारतीतलं म्युझियम रविवारी मिळणार नाही, तिथे लुईसची बुद्धिबळाची सहा मोहरी आहेत. १८३१ च्या सुमारास बेटाच्या पश्चिमेला ऊगच्या वाळूत सापडली ती. पण बाकीची बरीचशी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येच आहेत, तिथे बघता येतील.

दर्यावर्दी_७१
नानांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. बंदरात शिरताना उजव्या हाताला होमचा खडक लागतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या नौसैनिकांना घेऊन येणारी 'आयोलेअर' १ जानेवारी १९१९ च्या पहाटे तिथेच फुटली. २०१ माणसं गेली, बंदराचे दिवे दिसत असताना. एक जण दोर घेऊन किनाऱ्याला पोहत गेला आणि त्या दोराला धरून चाळीसच्या आसपास माणसं वाचली. तिथे स्मारक आहे. मी पस्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, मला त्या खडकावरून जाताना डेकवर उभं राहिल्याशिवाय चैन पडत नाही. ८ ला पोचणार म्हणजे साडेसातला डेकवर या.

सह्यकडा
काका, हे माहीत नव्हतं. वाचून गलबलून आलं. वैदेहीताई, चर्चमध्ये बाहेरच्यांना जाऊ देतात का?

वैदेही_इन्व्हर्नेस
हो, आनंदाने. नीटनेटके कपडे घाला आणि मागे बसा. गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, प्रार्थना मिळाली तर सोडू नका. वाद्य नसतं. एक जण स्तोत्राची ओळ देतो आणि सगळी मंडळी ती आपापल्या हरकती घेत उचलतात, आपल्या वारकरी भजनात जशी टाळकरी उचलतात तशी. सासूबाई भजनी मंडळात असतील तर त्यांना कालानिशपेक्षा हे जास्त आवडेल. बसून ऐकायचं, गुडघ्यांचाही प्रश्न नाही. वेळा चर्चच्या वेबसाइटवर असतात.

मुग्धा_प
सासूबाई भजनी मंडळातच आहेत! त्या लगेच तयार झाल्या. ठरलं: सकाळची कालानिशची सहल केली बुक, पाचही जागा मिळाल्या. ब्रॉख आहे त्यात, ब्लॅकहाऊस बाहेरून. दुपारी शटलने गाव. गेलिक प्रार्थना दुपारची मिळते का ते बघते, नाहीतर इंग्रजी. पुढचा थांबा पोर्ट्री आहे, सोमवारी. वैदेही, तिथे माग दिसेल का सासऱ्यांना?

वैदेही_इन्व्हर्नेस
पोर्ट्री म्हणजे स्काय, सोमवार, मग आशा आहे. तिथल्या दोन-तीन विणकरांना मी उद्या फोन करून विचारते, व्यनि करते.

पक्या_सातारकर
स्कायला तरी गाडी घ्या मग.

राजश्री_मालाड
धागा वाचला नाही पूर्ण, पण एक सांगते, स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा वेगळ्या असतात आणि लंडनला काही दुकानदार घ्यायला कुरकुर करतात. परतायच्या आधी जहाजावर किंवा तिकडेच संपवा. आणि कोणाला कर्कवॉलचा अनुभव आहे का? आमचं जहाज तिथे मंगळवारी आहे.