मदत हवी आहे: सोव्हिएत 'शौर्यासाठी' पदकाच्या नंबरवरून सैनिकाची नोंद कशी शोधायची?

मुसाफिर_पुणे: बायको रशियन आहे, तिच्या पणजोबांचं पदक आहे. वर तीन विमानं, खाली रणगाडा, मागे नंबर. ते सैन्याच्या सिग्नल दलात, म्हणजे तार-टेलिफोनने संपर्क राखणाऱ्यांत होते. 'पाम्यात नारोदा' या युद्धनोंदींच्या रशियन साइटवर नंबर टाकला, काही येत नाही. नाव टाकलं तरी शून्य. रविवारी सासूबाईंशी बोलायचंय, जरा लवकर सांगा.

तारायंत्र: नाव कोणत्या लिपीत टाकलंत? जन्मसाल? पदकाचा दाखला आहे का?

मुसाफिर_पुणे: इंग्रजीत. १९१४. दाखला नाही.

तारायंत्र: मग शून्यच येणार. रशियन लिपीत फक्त आडनाव आणि नाव टाका, साल नंतर. नंबरचा नाद सोडा. पदक देण्याचा आदेश आधी निघायचा, पदक नंतर हातात पडायचं, म्हणून आदेशात नंबर सहसा नसतोच. तो दाखल्यावर आणि दप्तरातल्या नोंदपत्रावर असतो. ही पदकं ४० लाखांहून जास्त दिली गेली आहेत.

दुर्गवेडा: चांदी आहे, भाव चांगला येईल. आधी टूथपेस्टने घासून घ्या.

निशिगंधा: विकायचंय असं कोण म्हणालं? रशियात अशा पदकांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आणि टूथपेस्ट मुळीच नको! चांदीवर चरे पडतात, नंबर झिजतो, अक्षरांतला लाल मुलामा आधीच तडकलेला असेल तर टवके उडतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस.

रणवार्ता: शिफारसपत्र शोधा. पराक्रम त्यात सविस्तर असतो.

तारायंत्र: ते 'रेड स्टार'सारख्या वरच्या सन्मानांना. नोव्हेंबर १९४२ पासून हे पदक रेजिमेंटचा कमांडर स्वतःच्या अधिकारात देऊ शकायचा, त्यामुळे बहुतेकदा आदेशातल्या दोन-चार ओळींवरच भागतं. सिग्नलवाल्याचं साधारण असं: तोफांच्या माऱ्यात तार इतक्या ठिकाणी तुटली, याने जोडली, संपर्क चालू ठेवला. तुकडी आणि तारीख पहिल्या पानावर, नाव आतल्या पानावर. दोन्ही पानं उतरवून घ्या.

रणवार्ता: काही जणांची शिफारसपत्रं याही पदकासाठी आहेत, शोधून तर बघा.

दुर्गवेडा: फीत बघा. छोटी लाल आयताकृती असेल तर १९४३ च्या आधीचं.

निशिगंधा: पण पंचकोनी पट्टी असेल तर १९४३ नंतरचंच, असं म्हणता येत नाही. जून १९४३ मध्ये राखाडी फितीची पंचकोनी पट्टी आली, आणि जुनी पदकंही तिच्यावर चढवली गेली.

मुसाफिर_पुणे: रशियन लिपीत टाकलं, त्या नावाचे बरेच निघाले! एक टेलिफोनिस्ट आहे, पण साल १९१५. तेच का?

तारायंत्र: सालात एखाद्या वर्षाचा फरक नेहमीचा. वडिलांचं नाव आणि भरती कोणत्या जिल्ह्यातून झाली ते जुळवा, बऱ्याच आदेशांत ते दिलेलं असतं. सासूबाईंना हेच दोन प्रश्न विचारा. नाहीच जुळलं, तर नात्याचे पुरावे जोडून पोदोल्स्कच्या लष्करी दप्तरखान्याला रशियनमधून अर्ज करा. नंबर तिथे लिहा, तिथेच तो कामाला येईल.