लाईनवर भेटलेली माणसं: ट्रकवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

सहाचाकी
आज सकाळी शेजारच्या इमारतीत कपाटांनी भरलेली गाडी आली. ड्रायव्हरने वॉचमनला बाथरूम विचारलं, तर त्याने हातानेच रस्ता दाखवला, "बाहेर कुठंतरी बघ." रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस! मी त्याला घरी घेऊन आलो, चहा पाजला. पण डोकं जे सणकलं ते अजून शांत झालेलं नाही. जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

मी बरीच वर्षं लाईनवर होतो. पुणे-बंगळूर, मग न्हावा शेवा. एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) शनिवारी दुपारी पत्र्याच्या कॉईल घेऊन पोचलो. गेटवर म्हणाले, स्टोअरचे साहेब गेले, आता सोमवारी या. गाडी आत घेईनात. बाहेर लावली तर हवालदार म्हणे इथं उभी करायची नाही, पावती फाडीन. आत नाही, बाहेर नाही, मग गाडी काय डोक्यावर घेऊन उभा राहू? शेवटी दोन किलोमीटर मागे एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या आवारात लावली आणि क्लीनर आणि मी आळीपाळीने जागलो.

सोमवारी आत घेतली. काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन आमच्या पावतीपेक्षा ८० किलो कमी. क्लार्क म्हणाला, माल शॉर्ट आहे, भाड्यातून कापणार. साहेब, कॉईल आहे, सील तसंच आहे, मी काय पत्रा कुरतडून खाल्ला? त्याने भरलेल्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीशी लावलं होतं. वाटेत डिझेल जळतं की नाही? १०० लिटर डिझेल म्हणजे ८०-८५ किलो. गाडी खाली करून रिकामी काट्यावर चढवा आणि मग वजाबाकी करा, एवढंच मी म्हणत होतो. ऐकून घ्यायलाच तयार नाही. "ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखा बोल."

रस्त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. घाट, पाऊस, पंक्चर, सगळं चालतं. कंटाळा आला तो या दारांचा. लिहा तुम्ही पण.

पान्हा_बारा
वजनाचं शंभर टक्के खरं. रिकाम्या गाडीची काटापावती घेतल्याशिवाय गेट सोडायचंच नाही.

केळीबाग
आमचा माल केळी. रावेर-सावद्याकडून दिल्ली. हिरवी भरायची, पाला लावायचा, आणि मग गाडी थांबवायचीच नाही, कारण थांबली की आत गरमी धरते आणि घड पिकायला लागतात. राज्याबाहेर एका ठिकाणी रात्री साहेबाने अडवलं. ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाईन कागद) दाखव. म्हटलं साहेब केळी आहेत, ताज्या फळाला जीएसटी नाही, ई-वे बिल पण लागत नाही. म्हणे मला कायदा शिकवतो का? गाडी साईडला. मी मोबाईलवर नियम काढून दाखवला, तर मोबाईल बाजूला सारला. पहाटेपर्यंत उभा. मग दुसरे साहेब आले, त्यांनी ताडपत्री वर करून बघितलं, "अरे ये तो केला है, जाने दो." संपलं! माफी नाही काही नाही. दिल्लीत व्यापाऱ्याने पिवळे पडलेले घड बाजूला काढले आणि तेवढे पैसे कापले. आता शेतकरी माझा मामाच, त्याला काय सांगू?

बिल्टीवाला
@केळीबाग ज्यांना ई-वे बिल लागतं त्यांचे हाल वेगळेच. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. २०२१ च्या आधी १०० ला होता. आमच्या गाडीचं इंजिन वाटेत बसलं, मिस्त्री मिळेपर्यंत रात्रीचे बारा वाजून मुदत गेली. मुदत वाढवता येते, संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यावर आठ तासांपर्यंत. पण ती वाढवणार ट्रान्सपोर्टर नाहीतर माल पाठवणारा. ड्रायव्हरच्या हातात काय आहे? अकाउंटंटचा फोन बंद. आणि पकडला गेला की रस्त्यावर उभा कोण? ड्रायव्हर.

माहेरवाट
मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची मुलगी. वडील घरी यायचे तेव्हा आई आधी त्यांच्या पायाकडे बघायची, सुजलेत का ते. क्लचवरचा डावा पाय कायम सुजलेला.
मला बघायला आलेल्यांपैकी एकांनी मधल्या माणसाकडून निरोप धाडला की मुलगी चांगली आहे पण "ड्रायव्हरचं घर" नको. वडील तेव्हा गाडीवरच होते. आईने त्यांना सांगितलंच नाही, पत्रिका जुळली नाही म्हणाली. त्यांना मात्र कळलंच. हे मला बाबा गेल्यावर आत्ताआत्ता काकांनी सांगितलं.

सहाचाकी
ताई, वाचून गलबललं. असे निरोप आमच्या लाईनमध्ये बऱ्याच घरांनी झेललेत.

रस्ता_रोज
माझ्या ट्रकला ई-चलन आलंय, हेल्मेट घातलं नाही म्हणून 😂 दहाचाकी गाडी आहे! फोटोत कुठलीतरी मोटरसायकल, नंबर एका अक्षराने वेगळा. तक्रार केली, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे, आणि आमच्याकडे चलन बाकी असलं की काम अडवतात. म्हणजे जे हेल्मेट मला घालायचंच नाही त्याचा दंड भरून पासिंग करू का?

पान्हा_बारा
तक्रार टाकताना फोटो आणि आरसीची कॉपी दोन्ही जोडा. नुसतं लिहून भागत नाही. माझं त्यानंतर रद्द झालं.

रस्ता_रोज
बरं, करतो. धन्यवाद भाऊ

घाटउतार
खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला ते एस आकाराचं वळण. उतार आणि वळण एकत्र. भरलेली गाडी तिथं मी खालच्या गिअरमध्येच उतरवतो. आमच्या उस्तादाने शिकवलंय, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. तर मागे एक कारवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. खाली आल्यावर माझ्यासमोर गाडी आडवी लावली, उतरला आणि आईबहिणीवरून सुरू. गाडीत त्याची मुलं बसलेली.

आता सांगतो, हे नीट समजून घ्या. जड गाडी उतारावर ब्रेकवर उतरवायची नसते, इंजिनने धरायची असते. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, लायनर तापतात, मग पाय खाली जातो पण गाडी धरत नाही. आणि डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रल केली किंवा इंजिनच बंद केलं, तर इंजिन ओढून धरत नाही. बंद इंजिनाला कॉम्प्रेसर चालत नाही, दोनचार वेळा ब्रेक दाबला की हवा संपायला लागते. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उतारावर किती अपघात झालेत ते सगळ्यांनी वाचलंय. तेव्हा पुढचा ट्रक सावकाश उतरत असेल तर तो तुमचाही जीव वाचवतोय. त्या माणसाला मी एवढंच म्हणालो, "साहेब, पोरं आहेत गाडीत, सावकाश जा." तो आणखीच भडकला.

चारचाकी_नवा
पटलं. पण एक विचारू का, राग मानू नका. ट्रक उजव्या लेनमधून का चालतात? डावी मोकळी असली तरी?

घाटउतार
विचारा की. डावीकडे ढाब्यासमोर उभ्या गाड्या, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, सर्व्हिस रोडवरून अचानक घुसणारा टेम्पो, आणि खड्डे. भरलेली गाडी पटकन थांबत नाही, म्हणून ड्रायव्हर मोकळ्या बाजूला सरकतो. एक्स्प्रेस वेवर मात्र डावीकडेच चालायला पाहिजे, तिथं मी तुमच्या बाजूने.

उसाचाफड
ट्रकवाल्या भावांनो, हंगामात आमच्या उसाच्या ट्रॉल्या रात्री संभाळून घ्या. मी दरवर्षी गावात रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवतो पोरांना घेऊन, पण सगळे लावत न्हाईत.

सहाचाकी
हे लय मोठं काम करताय. मागचा दिवा नसलेली ट्रॉली शेवटच्या क्षणाला दिसते, पोटात गोळा येतो.

उसाचाफड
पट्ट्या पाहिजे असतील तर सांगा कोणी. नगर जिल्ह्यात आहे मी. विषय भरकटला, माफ करा

कोकणकडा
विचित्र म्हणाल तर कशेडी घाट. बोगदा नव्हता तेव्हाचं. रात्रीचा मुसळधार पाऊस, वायपर नुसता हलतोय. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा, डोक्यावर इरलं, हातात बॅटरी. रात्री घाटात कोणी हात केला तर थांबायचं नाही, हे आमच्यात पक्कं. एक पुढे उभा राहतो, बाकीचे मागून चढून ताडपत्री फाडतात. पण हा हलेचना, थांबावंच लागलं. क्लीनरने लोखंडी टॉमी हातात घेतली. म्हाताऱ्याने काचेवर बॅटरी मारली, "फुडं दरड आलीय, गाडी हितंच लाव," म्हणाला आणि मागच्या गाडीकडे गेला. सकाळी बघितलं तर पुढच्या वळणावर अर्धा रस्ता मातीखाली. पोलादपूरपर्यंत त्याची चौकशी केली, कोणाला माहीत नाही. कोणी म्हणतं भूत. मी म्हणतो, वाडीवरचा कोणीतरी भला माणूस, आपली झोप मोडून भिजत उभा राहिलेला.

माहेरवाट
अंगावर काटा आला. बाबा पण कशेडीचं नाव काढलं की हात जोडायचे

ताडपत्री
फाडण्यावरून सांगतो. मांजरसुंबा घाट, चढण, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आरशात काहीच नाही. वर येऊन उतरलो तर मागची रस्सी कापलेली, साबणाची खोकी गायब. चालत्या गाडीवर चढून माल खाली टाकतात. तक्रार द्यायला गेलो तर हद्द कुठली यावरच चर्चा. एका ठाण्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून परत पहिल्या. मालक फोनवर म्हणतो, "तुला झोप लागली होती." इतकी वर्षं एका मालकाकडे, आणि हे ऐकायचं.

माथाडीचा_पोर
कोणी वाराईवर (माल चढवायच्या-उतरवायच्या मजुरीवर) लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. वडील माथाडी, भाऊ ट्रकवर, त्यामुळे दोन्ही बाजू घरात जेवतात. माल व्यापाऱ्याचा, उतरवणार हमाल, आणि खाली करायचे पैसे मात्र ट्रकवाल्याच्या खिशातून. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही मागणी किती जुनी आहे. भाऊ म्हणतो, भाडं ठरताना वाराईचा शब्द निघत नाही आणि गोदामावर पोचल्यावर पहिला तोच निघतो. मग भांडण कोणाचं लागतं, तर ड्रायव्हर आणि हमालाचं. व्यापारी पंख्याखाली. १९६९ चा माथाडी कायदा हमालाला पाटीखाली माणूस आहे हे मानून केला होता. माझ्या वडलांना त्याने म्हातारपणी आधार दिला. म्हणून हमालाला शिव्या घालू नका, पैसे ज्याचे त्याच्याकडून घ्या.

बिल्टीवाला
शब्दाशब्दाशी सहमत. आम्ही आता बिल्टीवरच (मालाच्या वाहतूक पावतीवरच) लिहून घेतो, वाराई पार्टीची. निम्मे मानत नाहीत, पण भांडायला कागद राहतो.

खान्देशी_वारं
माझा मोठा भाऊ गाडी उभी करून चहा पीत होता. उभ्या गाडीला मागून मोटरसायकल धडकली. पोरगा दारू प्यालेला. दहा मिनिटांत जमाव, आणि मार कोणाला? भावाला. कसाबसा पळून पोलीस ठाण्यात जाऊन बसला म्हणून जगला. ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२) आलं, अपघातात माणूस गेला आणि न कळवता पळालात तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये गाड्या उभ्या राहिल्या त्या यासाठी. लोकांना वाटलं ड्रायव्हरांना माणसं चिरडून पळायची मोकळीक पाहिजे. नाही हो. थांबलं तर जमाव मारतो, ही भीती होती. पुढे १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली तेव्हा ते उपकलम लागू केलं नाही. भाऊ अजून रात्री चहाला उतरत नाही.

चारचाकी_नवा
दादा, ही बाजू कधी वाचलीच नव्हती. आता भाऊ कसे आहेत?

खान्देशी_वारं
बरा आहे. एका कानाने कमी ऐकू येतं.

दूधगाडी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. नवरा टँकरवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूध रोज सगळ्यांना पाहिजे होतं, पण गावाने वेशीवर काटेरी फांद्या टाकून ह्यांना घरी येऊ दिलं नाही. मी डबा वेशीवर ठेवून लांब उभी राहायचे. अडवणाऱ्यांच्या घरी तेच दूध. बाकी नंतर लिहिते

नियमवही
माहितीसाठी: नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम होतं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे.

सहाचाकी
एसीचं फार बरं झालं. मे महिन्यात इंजिनशेजारी बसून मांड्या भाजायच्या. आठ तासांचं मात्र मला कोणत्याच मालकाने सांगितलं नाही. सांगून करणार काय, गेटवर थांबलो ते तास कामात धरतच नाहीत. गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर आराम करतोय, असा हिशेब.

रात्रपाळी_१४
विषय सोडून विचारतो, सॉरी. बीएस सहा गाडी आहे, धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी भरलेली, तरी दिवा लागलाय आणि गाडी ओढत नाही. चढण बाकी आहे. कोणाला माहितेय का?

पान्हा_बारा
युरिया कुठून भरला? सुटा कॅनमधला असेल तर पाणी मारलेलं असू शकतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असावा लागतो. कमी पडला की सेन्सर ओळखतो आणि गाडी आपणच ताकद कमी करते. घाट चढू नका तसंच.

रात्रपाळी_१४
कॅनमधलाच होता भाऊ. ढाब्याशेजारी घेतला. आता?

पान्हा_बारा
टाकी पूर्ण काढून चांगला भरा. तरी दिवा गेला नाही तर लॅपटॉप लावणारा मिस्त्री लागेल. कुठं आहात ते लिहा, ओळखीचा असेल तर नंबर मेसेजमध्ये पाठवतो.

रात्रपाळी_१४
चांदवडच्या अलीकडे, टोलनाक्याच्या आधी.

ताडपत्री
मी पिंपळगावला आहे, तासाभरात तिकडूनच जाणार. युरियाच्या दोन सीलबंद बादल्या आहेत गाडीत. इंडिकेटर चालू ठेवा आणि मागे दगड लावून फांदी ठेवा.