फी माफ झाली, पण राहायचं कुठं? (अठरानंतर संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाबद्दल)

पूर्णाकाठ (परभणी)

कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतो, म्हणून हा विषय काढतोय. बालगृहात वाढलेली मुलं प्रवेशाला येतात तेव्हा फीचा प्रश्न आता बराचसा सुटलेला असतो. 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आलं. 2023 च्या निर्णयात 'संस्थात्मक' (संस्थेत वाढलेले) आणि 'संस्थाबाह्य' (नातेवाइकांकडे वाढलेले) असे दोन वर्ग झाले. जुलै 2024 मध्ये मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, त्याच निर्णयात या दोन्ही वर्गांतल्या मुलामुलींनाही घेतलं. कागदावर सगळं चांगलं आहे.

गाडी अडते ती राहण्याखाण्यावर. अठरा पूर्ण झाले की बालगृह संपलं. पुढे अनुरक्षण, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार, 21 पर्यंत, फार तर 23 पर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून महिन्याला 4000 रुपये मिळू शकतात, पण अनुरक्षणगृह काही प्रत्येक जिल्ह्यात नाही. त्यात ही मुलं शाळेत उशिरा आलेली असतात. स्टेशनवर सापडलेलं पोर अठराव्या वर्षी दहावीला बसतं. म्हणजे बारावी विसाव्या वर्षी आणि इंजिनिअरिंग धरलं तर चोविसाव्या. कायद्याचं वय त्याआधीच संपलेलं.

कॉलेजच्या हॉस्टेलला जागा मिळाली तरी दिवाळीत मेस बंद, कुलूप लागतं, 'घरी जाऊन या' म्हणतात. कुठल्या घरी?

माझं म्हणणं एवढंच: वय सोडा, कोर्स धरा. मूल ज्या अभ्यासक्रमाला आहे तो संपेपर्यंत आणि वर सहा महिने खाट आणि जेवण द्या. नवीन आरक्षणापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

वाळूजचा फिटर

साहेब, मुळात एवढ्या लेकरांना डिग्रीकडं ढकलायचंच कशाला? आमच्याकडं बीए, बीकॉम झालेली पोरं कंपनीच्या गेटावर ठेकेदाराची वाट बघत उभी असतात. आयटीआयला फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, वेल्डर तर एकाच वर्षाचा. मग अप्रेंटिस. एकविसाव्या वर्षी हातात पगार. तुम्ही म्हणायलात चोविसापर्यंत सांभाळा. लहानपणापासून घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं, त्यात अजून सहा वर्षं घातली तर ते पोर बाहेर निघणार कधी? 21 ची मर्यादा मला तर बरोबर वाटते. उगं लाड नकोत.

पूर्णाकाठ

आयटीआयला माझा विरोध कुठे आहे? कोर्स म्हणजे तोही आलाच. पण वीस वर्षांच्या पोराला वाळूजमध्ये खोली बघायला पाठवून बघा. मालक विचारतो गाव कुठलं, वडील काय करतात. आधारवर पत्ता संस्थेचा. डिपॉझिट कोण भरणार? आणि तुमच्या हिशेबात संस्थेतल्या मुलाने डॉक्टर व्हायचंच नाही का? लातूरला आईबाप दोन-दोन वर्षं खोली करून राहतात पोराच्या नीटसाठी, त्याला कोणी लाड म्हणत नाही.

कोयत्याचा पोरगा (बीड)

माझा मुद्दा वेगळा आहे आणि थोडा कडू आहे. आम्ही अनाथ नाही. पण दिवाळी झाली की मायबाप टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर, पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत घरात म्हातारी आजी. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली, त्यामुळं मधे यायची सोय नाही. शाळेत हंगामी वसतिगृह होतं, बारावीनंतर काय? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलं, संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं निघाली, चांगलंच आहे. पण कॉलेजातल्या किती पोरांपर्यंत ते पोचलं, ते बीडमध्ये येऊन बघा. सहा महिने अनाथ असलेल्याला कुठला वर्ग देणार तुम्ही? एक गट उचलायचा, त्याला सगळं द्यायचं, हे मला पटत नाही. उत्पन्न बघा आणि द्या.

औसा रोड

मी संस्थेत वाढले, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

वर जो 1 टक्का आणि फीमाफी सांगितली ती मला लागू नव्हती. कारण माझी आई जिवंत आहे. वडिलांनी आत्महत्या केली, आईचं दुसरं लग्न झालं, मी संस्थेत. अनाथ प्रमाणपत्राला आई आणि वडील दोघंही गेलेले लागतात. आमच्या खोलीत निम्म्याहून जास्त मुली अशाच, कुणाची आई तर कुणाचे वडील कुठेतरी होते. ज्याच्याकडे सुट्टीत जाता येत नाही, ज्याचा फोन लागत नाही, असा पालक कागदावर मात्र भक्कम उभा असतो. बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये एक पालक असलेल्यांना मिळतात, पण तेही अठरापर्यंतच. म्हणजे आम्ही आधी पूर्ण अनाथ नाही, आणि मग लहानही नाही.

त्यामुळे बीडच्या दादांचं अर्धं म्हणणं पटतं. अर्धं नाही. तुम्हाला मार्चनंतर आई दिसते. आणि तुमच्या आजीच्या घराला दार आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला सुद्धा कुटुंब लागतं. मी तलाठ्याकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण?

धागा काढणाऱ्या सरांशीही माझं जमत नाही. 'कोर्स धरा' म्हटलं की काय होतं ते मी पाहिलंय. खाट सुटू नये म्हणून मुली एक एमए झालं की दुसऱ्या एमएला नाव घालतात. शिक्षण राहतं बाजूला. त्यापेक्षा ते 4000 थेट मुलीच्या खात्यात द्या, संस्थेच्या नको, आणि तिला ठरवू द्या. मी नर्सिंग केलं ते एका बाईंनी जामीन राहून खोली मिळवून दिली म्हणून.

हिशेबनीस

ताई, तुमच्या अनुभवापुढे बोलायला जड जातं, पण अठराव्या वर्षी खात्यात रोख आली की मित्र आणि मोबाइल आधी हजर होतात. अमेरिकेत फॉस्टर केअरमधून (सरकारने दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवलेल्या मुलांची व्यवस्था) बाहेर पडणाऱ्यांसाठी 1999 चा कायदा आहे, सिनेटर जॉन चेफी यांच्या नावाचा. 2001 च्या दुरुस्तीने त्यात शिक्षण आणि प्रशिक्षणासाठी व्हाउचर आलं: वर्षाला 5000 डॉलरपर्यंत, आणि आता वयाच्या 26 पर्यंत, एकूण पाच वर्षं. राहण्याखाण्याचा खर्च त्यात धरतात, आणि अभ्यासात समाधानकारक प्रगती हवी. म्हणजे वयही सैल, कोर्सही धरलेला, आणि एमएवर एमए करणाऱ्याला पाच वर्षांचा बांध. आपल्याकडे एवढी एक ओळ बदलायला काय हरकत आहे?

तेरणाकाठ

अमेरिका कशाला, किल्लारीच बघा. 1993 च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने 1200 मुलं शिकायला पुण्याला नेली. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभं केलं. संस्था चांगली असली की वयाची अट तिथली माणसंच वाकवतात. सरकारी योजनेत असा माणूस कुठून आणणार? खाट असो, व्हाउचर असो, शेवटी टेबलामागचा कारकून 21 चा आकडा बघून फाईल परत करतो.

पूर्णाकाठ

म्हणूनच आकडा बदला म्हणतोय. माणूस चांगला भेटेल या भरवशावर मी योजना आखणार नाही. भूकंपाच्या वेळी अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष होतं. स्टेशनवर सापडलेल्या एकट्या पोराकडे कोणाचं असतं? पाच वर्षांचा बांध मात्र मान्य. ताईंचा एमएचा मुद्दा त्यात निकाली निघतो.

वाळूजचा फिटर

बांध घाला नाहीतर घालू नका, मी अजून माझ्याच मतावर हाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिन्याला बारावीवाल्याला 6000, आयटीआयवाल्याला 8000 आणि पदवीधराला 10000 ठरवले. दोन हजारांसाठी वर तीन-चार वर्षं घालवायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ताईंचं जामीनदाराचं मात्र खरं हाय. आमच्या लाईनीत खोली हवी असलेलं पोर असंल तर मालकाशी मी बोलतो.

औसा रोड

बोला, दादा. पण तुमच्या ओळखीच्या बाहेरचं जे पोर आहे त्याच्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याने पालक म्हणून सही करावी, भाडेकरारावर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरही. त्याला पैसाही लागत नाही. यावर इथे कोणाचा विरोध आहे का?

कोयत्याचा पोरगा

नाही. फक्त नोव्हेंबर ते मार्च आमच्यासाठीही करा.